लेन्स घेण्याआधी आलेख वाचा, आणि आलेखाआधी स्वतःचे फोटो

लग्नाचा सीझन संपला, हातात थोडे पैसे जमले की सोलापुरातला फोटोग्राफर लेन्सच्या चौकशीला लागतो. सोबत ऑर्डर मारणाऱ्या मित्राला विचारतो, दुकानात विचारतो, रात्री यूट्यूब बघतो. सगळीकडून उत्तर एकच: 'भारी आहे, घेऊन टाक.' कशासाठी भारी, हे मात्र कुणी सांगत नाही. मंगल कार्यालयात अक्षता पडताना लागणारी लेन्स, नान्नजच्या माळावर पक्षी टिपायला लागणारी लेन्स आणि चादरीच्या कॅटलॉगला लागणारी लेन्स यांची 'भारी'ची व्याख्या एकमेकींशी जुळत नाही.

लेन्सच्या कामगिरीचे आकडे मात्र फुकट मिळतात. जवळपास प्रत्येक कंपनी आपल्या लेन्सचा एमटीएफ आलेख, म्हणजे शार्पनेसचा आलेख, प्रसिद्ध करते, शिवाय स्वतंत्र चाचणी करणारे आहेत. अडचण ते वाचण्याची आहे. लोक आलेखात सगळ्यात वरची रेघ शोधतात किंवा एकूण गुण पाहून मोकळे होतात. आलेखाचा जो तुकडा तुमच्या कामात येतो तेवढाच वाचायचा, बाकीचा सोडून द्यायचा. कोणता तुकडा आपला, हे कळायला सुरुवात आपल्याच हार्ड डिस्कपासून करावी लागते.

आपल्या फोटोंचा हिशोब

गेल्या वर्षभरातल्या दोन-तीन मोठ्या ऑर्डर काढा. सगळे फोटो नकोत. अल्बममध्ये गेलेले, गिऱ्हाइकाने निवडलेले तेवढेच घ्या. लाइटरूममध्ये लायब्ररीच्या फिल्टरमधून लेन्स, फोकल लेंग्थ, अ‍ॅपर्चर आणि आयएसओप्रमाणे फोटोंची संख्या दिसते. लाइटरूम नसेल तर डिजीकॅम हे मोफत सॉफ्टवेअर ही माहिती काढून देतं.

किती फोटो कोणत्या फोकल लेंग्थला आणि कोणत्या अ‍ॅपर्चरला आहेत ते कागदावर मांडा. बहुतेकांना इथेच पहिला धक्का बसतो. २४-७० मिमीची झूम वापरणाऱ्याचे फोटो पुष्कळदा दोन टोकांना गोळा झालेले असतात: स्टेजवरचा ग्रुप २४ ते ३५ मध्ये, चेहरे ७० ला. मधला भाग रिकामा. एफ/१.४ ची प्राइम (झूम नसलेली लेन्स) घ्यायचं स्वप्न पाहणाऱ्याचे अल्बममधले फोटो एफ/२.८ ते एफ/४ मध्येच निघतात, कारण नवरा-नवरी दोघंही फोकसमध्ये हवेत.

अजून दोन गोष्टी लिहा. विषय फ्रेममध्ये कुठे असतो, मधोमध की कडेला? आणि फोटो शेवटी कुठे जातो? आपल्याकडच्या १२ बाय ३६ इंची अल्बमच्या अर्ध्या भागात, म्हणजे १२ बाय १८ इंचात, एकच फोटो बसवला तर ३०० डीपीआयला ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. हे साधारण १९.४ मेगापिक्सेल होतात. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात तेवढे आहेत, पण फार क्रॉप करायला जागा नाही, त्यामुळे इथे लेन्सचा कस लागतो. त्याच पानावर सहा छोटे फोटो असतील किंवा फोटो फक्त मोबाइलवर बघितले जाणार असतील, तर किट लेन्स आणि लाखाची लेन्स यांच्यातला शार्पनेसचा फरक कुणाला दिसणारही नाही. पाठीमागची धूसरता आणि कमी प्रकाशातला नॉइज तेवढा दिसेल.

हा कागद हाताशी ठेवा. पुढचं सगळं त्याच्याकडे बघून वाचायचं आहे.

एमटीएफचा आलेख

काळे-पांढरे पट्टे असलेल्या कापडाचा फोटो काढला अशी कल्पना करा. पट्टे जाड असतील तर फोटोत काळं काळंच आणि पांढरं पांढरंच दिसतं. पट्टे बारीक करत नेले तर काळं जरा करडं होतं, पांढरं मळकं होतं, आणि शेवटी सगळा एकच करडा रंग उरतो. मूळ कॉन्ट्रास्टपैकी लेन्सने किती शिल्लक ठेवला, हा एमटीएफचा आकडा. १ म्हणजे सगळा, ० म्हणजे काहीच नाही.

पट्टे किती बारीक हे एका मिलिमीटरमध्ये काळ्या-पांढऱ्या रेषांच्या किती जोड्या बसतात त्यावर मोजतात, आणि हे मोजमाप सेन्सरवरचं असतं. कॅनन, निकॉन, सोनी, सिग्मा यांच्या फुल फ्रेम लेन्सच्या आलेखात साधारणपणे १० आणि ३० जोड्यांच्या रेघा असतात. १० ची रेघ फोटोतला एकूण ठसठशीतपणा सांगते, ३० ची रेघ बारीक तपशील. डोळ्याची पापणी, शालूची जर, पिसांवरच्या रेषा हे ३० च्या रेघेकडे बघून समजतं.

आडव्या अक्षावर मिलिमीटर असतात: ० म्हणजे फ्रेमचा मध्य, आणि फुल फ्रेमला साधारण २१.६ म्हणजे कोपऱ्याचं टोक. हा अक्ष नीट समजून घेण्यासारखा आहे. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिमीचा असतो. म्हणजे मध्यापासून वरची-खालची कड १२ मिमीवर आणि डावी-उजवी कड १८ मिमीवर येते. १८ च्या पुढे आलेखात जे काही आहे ते फक्त चार कोपऱ्यांचं आहे, आणि लग्नाच्या फोटोत तिथे बहुधा फुलांची सजावट किंवा पंख्याचं पातं असतं. शेवटच्या तीन मिलिमीटरमध्ये रेघ धाडकन खाली आली म्हणून लेन्स नाकारणारे लोक आहेत. त्यांनी आपल्या फोटोंच्या कोपऱ्यात काय असतं ते एकदा बघावं.

एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर फुल फ्रेमची लेन्स लावत असाल तर आलेख फक्त १४ मिमीपर्यंत वाचायचा. तिथून पुढचा भाग तुमच्या सेन्सरवर पडतच नाही. त्यामुळे कडेला सुमार असलेली फुल फ्रेम लेन्सही एपीएस-सीवर चांगली ठरू शकते. मात्र छोट्या सेन्सरवरचं चित्र छापताना जास्त मोठं करावं लागतं, म्हणून त्याच प्रिंटसाठी लेन्सकडून दीडपट बारीक काम हवं असतं. फुल फ्रेमच्या ३० जोड्यांची तुलना एपीएस-सीवर ४५ शी होते. फुजीफिल्म आपल्या एक्स माउंटच्या आलेखात १५ आणि ४५ देते आणि त्याहून लहान सेन्सरची, मायक्रो फोर थर्ड्सवाली ओएम सिस्टिम (आधीची ऑलिंपस) २० आणि ६०, ते यामुळेच. फुजीच्या ४५ च्या रेघेशेजारी सोनीची ३० ची रेघ ठेवणं बरोबर आहे. ३० समोर ३० ठेवलं तर चुकलं.

प्रत्येक जाडीसाठी दोन रेघा असतात, एक सलग आणि एक तुटक. एक मध्यापासून कोपऱ्याकडे जाणाऱ्या पट्ट्यांची, दुसरी त्यांना काटकोनात असलेल्या पट्ट्यांची. दोन्ही रेघा एकमेकींजवळून गेल्या तर उत्तम. फाकल्या तर त्या जागी एका दिशेचे तपशील नीट आणि दुसऱ्या दिशेचे पसरलेले येतात, आणि बहुतेक वेळा पाठीमागची धूसरताही तिथे दुहेरी, खरबरीत दिसते. पोर्ट्रेटसाठी लेन्स घेताना मी रेघांच्या उंचीइतकंच हे फाकणं बघतो. स्टेजमागच्या लाइटिंगच्या माळा जिथे येतात, नेमका तोच हा प्रदेश असतो.

किती आकडा चांगला? जुना ठोकताळा असा की पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला १० ची रेघ ०.८ च्या वर असेल तर उत्तम आणि ०.६ च्या वर असेल तर चालण्यासारखी. ३० च्या रेघेसाठी असा सर्वमान्य आकडा नाही. दोन लेन्समध्ये ०.०५ चा फरक असेल तर मी तो धरतच नाही. ०.१ च्या वर गेला तर मग थांबून बघतो.

हा आलेख आला कुठून?

एकाच लेन्सबद्दल दोन ठिकाणी दोन गोष्टी वाचायला मिळतात आणि माणूस गोंधळतो. कारण बहुतेक वेळा आलेखाच्या जन्मात असतं.

बहुतेक कंपन्यांचे आलेख मोजलेले नसतात, संगणकावर काढलेले असतात. डिझाइनप्रमाणे प्रत्येक काच अगदी जागेवर बसली तर काय मिळेल, ते तिथे दिसतं. कारखान्यातून तुमच्या हातात आलेली लेन्स तेवढी नेमकी नसते. झाइस प्रत्यक्ष मोजलेले आकडे देते, त्यामुळे तिचे आलेख कधी कधी इतरांपेक्षा 'कमी' वाटतात. ते प्रामाणिक आहेत म्हणून कमी आहेत.

गणिताने काढलेल्या आलेखांतही दोन जाती आहेत. एकात प्रकाशाचं विवर्तन (लहान छिद्रातून जाताना प्रकाशाचं पसरणं) धरलेलं असतं, दुसऱ्यात फक्त किरणांची भूमिती. भूमितीवाला आलेख नेहमी जास्त देखणा दिसतो. सिग्मा दोन्ही प्रकार वेगवेगळे देते. तिथे विवर्तनवालाच उघडा. एका कंपनीचा भूमितीवाला आणि दुसरीचा विवर्तनवाला शेजारी ठेवून निर्णय घेणं म्हणजे एकाचा पगार आणि दुसऱ्याचा खर्च वजा जाता उरलेला पैसा यांची तुलना करणं.

विवर्तनाचा परिणाम किती, याचा हिशोब सोपा आहे. हिरव्या प्रकाशात एफ/२.८ ला निर्दोष लेन्सलाही ३० जोड्यांवर साधारण ०.९४ च्या वर जाता येत नाही. एफ/५.६ ला ही मर्यादा ०.८८, एफ/८ ला ०.८३ आणि एफ/११ ला ०.७७. म्हणजे एफ/८ चा आलेख ०.९५ दाखवत असेल तर तो भूमितीवाला आहे हे पक्कं समजा. यातून व्यवहाराची गोष्ट निघते ती अशी: एफ/८ ला सगळ्याच लेन्स एका छताखाली येतात. साधी लेन्स एफ/८ ला ०.७५ देत असेल आणि महागडी ०.८०, तर तुमचं सगळं काम एफ/८ चं असताना जास्तीचे पैसे कशाला?

आणखी दोन खोचा. निकॉनचे आलेख फक्त पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरचे असतात. सोनी त्यासोबत एफ/८ चाही देते. आणि झूमला कंपन्या बहुधा दोन टोकांचेच आलेख देतात. तुमच्या कागदावर ३५ आणि ५० ला गर्दी असेल तर कंपनीचा आलेख तुमच्या कामाचा नाही.

तिथे स्वतंत्र मोजमापं उपयोगी पडतात. अमेरिकेतली लेन्सरेंटल्स ही भाड्याने लेन्स देणारी कंपनी एकाच मॉडेलच्या अनेक लेन्स ऑप्टिकल बेंचवर, कॅमेऱ्याशिवाय मोजून त्यांची सरासरी देत आली आहे, १० पासून ५० जोड्यांपर्यंत. एकाच मॉडेलच्या नगांमध्ये किती फरक पडतो हे त्यातून कळतं, आणि ते कळल्यावर ०.०५ वरून वाद घालावासा वाटत नाही.

लेन्सटिप आणि ऑप्टिकल लिमिट्स यांसारख्या वेबसाइटच्या चाचण्या कॅमेरा लावून, चार्टचा फोटो काढून होतात. तिथे दिसणारा एमटीएफ५० चा आकडा वेगळा असतो: कॉन्ट्रास्ट निम्म्यावर येईपर्यंत किती बारीक रेषा उमटल्या ते तो सांगतो. यात सेन्सरचाही वाटा आहे. त्यामुळे १६ मेगापिक्सेलवर मोजलेली जुनी लेन्स आणि ४५ मेगापिक्सेलवर मोजलेली नवी लेन्स यांचे आकडे समोरासमोर ठेवता येत नाहीत. एकाच ठिकाणी, एकाच कॅमेऱ्यावर मोजलेल्या लेन्सचीच तुलना करा. एफ/२.८, ४, ५.६ असा प्रत्येक अ‍ॅपर्चरचा आकडा तिथे मिळतो, ही मोठी सोय. फक्त लक्षात ठेवा की वाइड लेन्सचा चार्ट बराच जवळ ठेवावा लागतो. दूरच्या दृश्यात ती लेन्स थोडी वेगळी वागू शकते.

डीएक्सओमार्क या चाचणी करणाऱ्या वेबसाइटच्या एकूण गुणांबद्दल थोडक्यात: ते गुण कॅमेरा आणि लेन्सच्या जोडीचे असतात आणि मंद प्रकाश धरून काढलेले असतात. म्हणून स्वस्त ५० एफ/१.८ तिथे पुढे दिसते आणि ६०० मिमीची एफ/६.३ मागे पडते. पक्ष्यांच्या फोटोग्राफरला त्या एका आकड्याचा शून्य उपयोग. आतले तपशील उघडून ट्रान्समिशन तेवढं बघा. एफ/२.८ ची लेन्स ८० टक्के प्रकाश आत सोडत असेल तर प्रत्यक्षात ती टी ३.१ ची, म्हणजे प्रकाशाच्या हिशोबाने एफ/३.१ सारखी झाली.

बाकीचे आकडे

कोपऱ्यातला अंधार, म्हणजे व्हिन्येटिंग, ईव्हीमध्ये देतात. १ ईव्ही म्हणजे कोपऱ्यात निम्मा प्रकाश, २ ईव्ही म्हणजे पाव. सॉफ्टवेअर तो उजळतं, पण फुकटात नाही: आयएसओ ३२०० ला काढलेल्या फोटोत २ ईव्ही उजळलेला कोपरा १२८०० सारखा दाणेदार होतो. रात्रीच्या वरातीचे वाइड फोटो काढणाऱ्याने हा आकडा बघावा, दिवसा काम करणाऱ्याने सोडून द्यावा.

डिस्टॉर्शन टक्क्यांत असतं, उणे म्हणजे रेषा बाहेर फुगलेल्या. आजच्या मिररलेस लेन्समध्ये पुष्कळ वेळा ते मुद्दाम सॉफ्टवेअरवर सोडलेलं असतं. कॅननची आरएफ १६ मिमी एफ/२.८ दुरुस्तीशिवाय उघडली तर रेषा ठळकपणे वाकलेल्या दिसतात. दुरुस्तीत कोपरे ताणले जातात आणि तपशील थोडा जातो. म्हणून चाचणी वाचताना मोजमाप दुरुस्तीनंतरचं आहे की आधीचं, हे शोधा.

रंगांच्या कडा दोन प्रकारच्या. फ्रेमच्या कडेला दिसणारी लाल-निळी किनार एका क्लिकमध्ये जाते, तिची काळजी नको. दुसरी वाईट: फोकसच्या पुढे जांभळट आणि मागे हिरवट, फ्रेमच्या मध्यातसुद्धा. ती सहज जात नाही. जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत पांढऱ्या बाराबंदीतले भक्त उन्हात उभे असतात, तेव्हा एफ/१.८ ला काढलेल्या फोटोत ही किनार प्रत्येक खांद्यावर उमटते. नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे फोटो काढणाऱ्याने प्राइम घेताना चाचणीतला या दोषाचा भाग शार्पनेसच्या आधी वाचावा.

व्हिडिओवाल्याचा लाइट समोरून डोळ्यात येतो तेव्हा लेन्स किती पांढुरकी होते, हे कोणत्याही आलेखातून नीट कळत नाही. ते हातात घेऊनच बघायचं.

आता आपल्या कामांवर बसवून बघू

लग्नापासून सुरू करू. स्टेजवरच्या ग्रुप फोटोत दोन्ही टोकांचे चेहरे मध्यापासून १५-१६ मिमीवर येतात, आणि अ‍ॅपर्चर एफ/५.६ च्या आसपास असतं. म्हणजे तुम्हाला हवा तो आकडा: २४ ते ३५ मिमी, एफ/५.६, १५ मिमीवर. कंपनीचा उघड्या अ‍ॅपर्चरचा आलेख इथे अर्धवट उपयोगी, चार्टवाली चाचणी जास्त. चेहऱ्यांच्या फोटोंसाठी ७० मिमी, एफ/२.८, ० ते १० मिमी. २४-७० एफ/२.८ जातीच्या दोन लेन्सची तुलना या दोन जागांवर करा, बस. टॅमरॉनची २८-७५ यात धरायची तर कागदावरचे २४ ते २७ मधले फोटो मोजा. ते मूठभर असतील तर ते ४ मिमी सोडून वाचलेल्या पैशात फ्लॅश येतो.

नान्नजच्या माळावरचं गणित अगदी उलटं आहे. धाविक पक्षी साधारण २३ सेंमीचा. तो ५० मीटरवर असताना ६०० मिमीच्या लेन्सने सेन्सरवर त्याची प्रतिमा जेमतेम २.८ मिमी उमटते. पक्षी मधोमध धरला तर आलेखाचे पहिले दोन मिलिमीटरच कामाचे, बाजूला घेतला तरी सात-आठच्या पुढे जात नाही. कोपरे कसेही असोत. पण फोटो जबरदस्त क्रॉप होणार, म्हणून ३० ची रेघ पुरत नाही; ४० आणि ५० जोड्यांचे मोजलेले आकडे मिळाले तर ते बघा. २४ मेगापिक्सेल फुल फ्रेमवर त्या पक्ष्याला सुमारे ४६० पिक्सेल मिळतात, तेवढ्याच मेगापिक्सेलच्या एपीएस-सीवर सुमारे ७००. म्हणजे चांगल्या प्रकाशात बॉडी बदलून जे मिळतं ते लेन्स बदलून मिळेलच असं नाही. एफ/५.६ आणि एफ/६.३ मधला फरक एक तृतीयांश स्टॉपचा, आयएसओ ८०० चं १००० होतं इतकाच. फोकल लेंग्थ वाढवणारा १.४ चा टेलिकन्व्हर्टर लावला तर मात्र एफ/६.३ चं एफ/९ होतं, आणि पहाटेच्या प्रकाशात ते बोचतं.

आणि या सगळ्यावर पाणी फिरवणारी गोष्ट म्हणजे आपली हवा. ऊन तापलं की गवतावरून उठणारी झळ दूरच्या काळविटाला थरथरवून सोडते. अशा वेळी ०.८५ आणि ०.७० च्या लेन्सचे फोटो सारखेच भुसभुशीत येतात. उन्हाळ्यात सोलापुरात सकाळी आठनंतर ६०० मिमीने ८०-१०० मीटरवरचा फोटो काढून लेन्सला नावं ठेवू नयेत. उजाडताना पोचणं आणि जवळ बसणं, याला कोणत्याही आलेखात रकाना नाही.

चादर-टॉवेलच्या कॅटलॉगचं काम सगळ्यात सोपं आणि त्यावर सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. विषय सपाट, फ्रेम कोपऱ्यापर्यंत भरलेली, लाइट आपला, अ‍ॅपर्चर एफ/८. वर सांगितलं तसं एफ/८ ला सगळ्या लेन्स जवळ येतात. इथे कोपऱ्यांचे आकडे आणि डिस्टॉर्शन बघायचं, कारण चादरीची किनार फ्रेमच्या कडेला समांतर असते आणि ती जराशी वाकली तरी कारखानदाराच्या डोळ्यात येते. ५० मिमीची साधी प्राइम किंवा मॅक्रो लेन्स पुरते. एक गंमत: लेन्स जितकी शार्प तितका जेकार्डच्या विणीवर मॉअरे (खोट्या लहरी) उठण्याचा धोका जास्त, विशेषतः लो-पास फिल्टर नसलेल्या कॅमेऱ्यावर. उठलाच तर कॅमेरा थोडा पुढेमागे करा किंवा एफ/१६ ला जा. विवर्तन इथे मदतीला येतं.

लेन्स हातात आल्यावर

आकड्यांवरून मॉडेल ठरतं, नग ठरत नाही. तुमच्या डब्यातली लेन्स कशी आहे हे तुम्हालाच तपासावं लागेल, आणि दुरुस्तीसाठी बहुधा पुणे-मुंबई गाठावं लागत असल्याने परत करण्याची मुदत संपायच्या आत तपासावं.

लेन्सच्या फोकल लेंग्थच्या ५० पट अंतरावर कॅमेरा ठेवला तर फुल फ्रेमला नेहमी साधारण १.८ बाय १.२ मीटरची जागा फ्रेममध्ये येते, एपीएस-सीला १.२ बाय ०.८ मीटर. ५० मिमीला हे अंतर अडीच मीटर, ६०० मिमीला तीस. म्हणजे भिंतीवर एकदा खुणा केल्या की सगळ्या लेन्सना तीच भिंत चालते. मधोमध आणि चार कोपऱ्यांत वर्तमानपत्राची छोट्या जाहिरातींची पानं सपाट चिकटवा. टेली लेन्ससाठी गच्चीवर, सकाळी लवकर.

कॅमेरा भिंतीला समांतर हवा, नाहीतर सगळी चाचणी फुकट. सोपी युक्ती: मधल्या पानाच्या जागी छोटा आरसा भिंतीला सपाट टेकवून धरा आणि लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यात येईपर्यंत ट्रायपॉड हलवा. मग स्टॅबिलायझेशन बंद, सर्वांत कमी आयएसओ, रॉ, दोन सेकंदांचा टायमर. लाइव्ह व्ह्यू मोठा करून मध्यावर हाताने फोकस करा आणि पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरपासून एफ/८ पर्यंत एकेक स्टॉपने फोटो घ्या. झूम असेल तर दोन टोकं आणि मध्य, तिन्हीकडे.

संगणकावर १०० टक्के मोठं करून चार कोपरे बघा. चारही सारखेच मऊ असतील तर तो डिझाइनचा स्वभाव आहे, आलेखात तो आधीच दिसला असेल. एकच कोपरा किंवा एकच बाजू खराब असेल तर संशय घ्या, पण लगेच भांडायला जाऊ नका. कॅमेरा ट्रायपॉडवर उलटा, १८० अंशात फिरवून लावा, आरसा धरून पुन्हा समांतर करा आणि तोच फोटो घ्या. खराबी भिंतीवरच्या त्याच पानावर राहिली तर कॅमेरा समांतर नव्हता. ती फ्रेमच्या त्याच कोपऱ्यासोबत दुसऱ्या पानावर गेली तर बॉडी बदलून एकदा बघा. दुसऱ्या बॉडीवरही तेच दिसलं तर लेन्समधली काच तिरकी बसली आहे. असा नग बदलून मागा, आणि दोन्ही फोटो सोबत न्या. आणखी एक: खराब वाटणाऱ्या कोपऱ्यावर वेगळा फोकस करून बघा. तिथे तो एकदम धारदार झाला, आणि चारही कोपरे तसेच वागले, तर लेन्सचं फोकसचं प्रतल वक्र आहे. ग्रुप फोटोत याचा फायदाही घेता येतो, लोकांना किंचित अर्धगोलात उभं करून.

सेकंडहँड लेन्सला हीच चाचणी दुप्पट कडकपणे लावा. पडलेल्या लेन्सवर ओरखडा नसेल, पण तिरपा कोपरा लपत नाही. सोबत मागून मोबाइलचा टॉर्च मारून फंगस आणि आतली धूळ बघा. थोड्या धुळीने फोटोत काही फरक पडत नाही, त्यावरून किंमत पाडून घ्या. फंगसचं जाळं दिसलं तर ती लेन्स आपल्या बॅगेत इतर लेन्सशेजारी ठेवायची नाही. विकणारा 'मंगल कार्यालयात ये, तिथेच बघ' म्हणाला तर दिवसा त्याच्या घरी भिंत आहे का ते विचारा.